तरीवरचं गोडं पाणी

डोंबिवली गावाच्या खाली खाडीवर तर होती, म्हणजे होडीने पलीकडे उतरायची जागा. भरती असली की भिवा तांडेल दहा माणसं आणि त्यांचे हारे-टोपल्या होडीत घेऊन पलीकडे भिवंडीच्या बाजूला सोडायचा. ओहोटी लागली की होडी चिखलात रुतायची आणि माणसं काठावर बसून राहायची. कधी दोन तास, कधी चार. तिथे झाड नव्हतं, आडोसा नव्हता. समोर एवढी खाडी, पण प्यायला थेंब नाही.

१८८६ सालच्या वैशाखात आवडाबाई म्हात्रे आपल्या सुनेला, गोदाला, बाळंतपणासाठी पलीकडे माहेरी पोचवायला निघाली. दोघी काठावर आल्या तेव्हा पाणी उतरलेलं होतं. भर दुपारी तिथेच गोदाला कळा लागल्या. बाजाराहून परतणाऱ्या बायकांनी लुगडी धरून आडोसा केला. भिवा हंडा घेऊन पाण्यासाठी गावाकडे पळत सुटला. तो परत येईपर्यंत मुलगी जन्मलीसुद्धा होती. मायलेकी वाचल्या. पण सुकलेल्या ओठांनी "पानी, पानी" म्हणणारी सून आवडाबाईच्या डोळ्यांपुढून हलेना.

घरी आल्यावर तिने दिराला समोर बसवलं. राघो म्हात्रे दोन वर्षांपासून तालुका बोर्डाचा मेंबर होता. त्याला सहीपुरती अक्षरं येत. सभेत तो बाकाच्या टोकाला बसायचा आणि बाकीच्यांनी हात वर केला की आपलाही करायचा.

"भावजी, त्या बोर्डात तुमी बसून काय करतां?"

"बसतो," राघो म्हणाला.

"मंग आता उभे रावा."

मार्गशीर्षात कल्याणच्या कचेरीत सभा भरली. शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंडात जायचा आणि त्यातून बोर्ड रस्ते, शाळा, विहिरी करायचं. त्या वर्षी एकाच मोठ्या कामापुरती शिल्लक होती. रावसाहेब कर्णिक वकिलांनी ठराव मांडला. राणीच्या राज्याला पन्नास वर्षं पूर्ण होत होती, तर कचेरीजवळ एक सुंदर बाग करावी. लोखंडी कठडा, फुलांचे वाफे, मधोमध बँड वाजवायला चौथरा. नकाशाही त्यांनी आणला होता. सगळे तो वाकून पाहत होते, तेवढ्यात बाकाच्या टोकावरून राघो उठला.

"सायब, फंडाचा आना आमी पन भरतो. बाग चांगलीच हाय. पन आमची मानसं कचेरीत येतात ती समन्सावर. फुलं बगायला कोन येनार? आमाला तरीवर एक धर्मशाला पायजे, आनि एक विहीर."

कुणीतरी हसलं. रावसाहेब हसले नाहीत. त्यांनी बोर्डाची बांधकामं पाहणाऱ्या ओव्हरशियरकडे पाहिलं.

"खाडीकाठी खणलं तर खारंच लागेल," ओव्हरशियर म्हणाला. "आणि पाण्यावाचून धर्मशाळा बांधून काय उपयोग?"

"शिवाय गावाच्या कामाला तिसरा हिस्सा गावानं द्यायचा, असा नियम आहे," रावसाहेब म्हणाले. "तो कोण देणार?"

अध्यक्षपदी मामलेदार होते. त्यांनी निर्णय फाल्गुनातल्या सभेवर टाकला. "तोवर जागा दाखवा, गोडं पाणी दाखवा, गावाचा हिस्सा दाखवा. नाहीतर बाग होईल."

राघो मान खाली घालून घरी आला. आवडाबाईने सगळं ऐकून घेतलं आणि त्याला तरीच्या वरच्या अंगाला, स्वतःच्या वरकस, भात न पिकणाऱ्या जमिनीवर नेलं. तिथे एका उंचवट्यावर उंबर उभा होता.

"चैताला सगलं रान करपतं, तरी माज्या म्हशी हितली हरली सोडत नाय. उंबर उगाच नाय वाढत, भावजी. हितं खना. जागा माजी, ती मी बोर्डाला दिली."

"आनि गावाचा हिस्सा?"

"गावाला हात नाय काय?"

पौष लागताच खणायला सुरुवात झाली. माणसं मिठागरावर कामाला जायच्या अगोदर, भल्या सकाळी दोन तास विहिरीवर यायची. पुरुष खणायचे, बायका पाट्या उचलायच्या. भिवा ओहोटीला रिकामा असायचा, तोही यायचा. होडीची वाट पाहणारे वाटसरू सुरुवातीला नुसते बघत बसायचे. मग तेही दहा-वीस पाट्या टाकू लागले. बारा हात खाली गेल्यावर कातळ लागला. पहारी बोथट झाल्या, पण खाली ओल दिसेना. दुसऱ्या दिवशी निम्मी माणसं आली. तिसऱ्या दिवशी पाचच.

"वैनी, बस झालं," राघो म्हणाला. "लोक हसतात."

आवडाबाईने हातातली पाटी खाली ठेवली. ती चालत ठाकुर्लीला गेली आणि रेल्वेसाठी दगड फोडणाऱ्या गुणाजी वडाराला घेऊन आली. गुणाजीने विहिरीत उतरून कातळाला कान लावला, हाताने चाचपलं, आणि वर पाहून ओरडला, "पाच दिवस द्या!"

घणाचे घाव ऐकून गाव पुन्हा जमलं. पाचव्या दिवशी कातळाला उभी चीर गेली आणि तिच्यातून पाणी झुळझुळलं. गुणाजीने लोटा भरून वर पाठवला. राघोच्या हातात आला, पण त्याला तो तोंडाला लावायचा धीर होईना. आवडाबाईने लोटा घेतला. एक घोट घेतला. दुसरा घेतला. मग तिचा चेहरा उजळला.

"नारलाचं पानी रं! नारलाचं!"

माणसं विहिरीत ओणवी होऊन ओरडली. बायकांनी एकमेकींच्या अंगावर पाणी उडवलं. भिवाने होडीतला शंख आणून इतका फुंकला की पलीकडच्या काठावरची माणसं उभी राहून बघू लागली.

फाल्गुनात ओव्हरशियर टेप घेऊन काम मोजायला आला. त्याच्यासोबत रावसाहेब कर्णिकही होते. त्यांना एका अशिलाकडे पलीकडे जायचं होतं. ओहोटी होती. त्या उन्हात रावसाहेब तीन तास छत्री धरून काठावर उभे होते. शेवटी ते उंबराखाली आले, विहिरीचं पाणी प्यायले आणि बराच वेळ तिथेच बसून राहिले.

सभेत ओव्हरशियरने हिशेब वाचला. गावाने केलेल्या खोदाईची मजुरी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भरत होती. तेव्हा एक मेंबर म्हणाले, "पण ही मजुरी झाली. वर्गणी रोख हवी."

राघो उठणार, तोच रावसाहेब उठले. त्यांच्या हातात नियमांचं पुस्तक होतं.

"मी काल हे दोनदा वाचलं. नियमात 'हिस्सा' असा शब्द आहे. 'रोख' असा शब्द कुठेही नाही. गावानं हिस्सा दिलाय, आणि तो मी प्यायलोय. माझा बागेचा ठराव मी मागे घेतो."

मामलेदारांनी मतं घेतली. सगळे हात वर गेले. राघोचा हात सगळ्यांच्या आधी वर होता.

जमीन देण्याच्या कागदावर अंगठा उठवायला आवडाबाईला कचेरीत बोलावलं. अंगठा शाईत बुडवून ती थांबली.

"एक गोष्ट लिवा. तरीला जो थांबंल, तो हे पानी पियील. जात इचारायची नाय."

कारकुनाने मामलेदारांकडे पाहिलं.

"लिहा," मामलेदार म्हणाले.

ज्येष्ठाच्या आत विहिरीला दगडी कठडा झाला आणि शेजारी चार खणांची कौलारू धर्मशाळा उभी राहिली. ती उघडायच्या दिवशी भिवाने कुणाकडूनही होडीच्या उतराईचे पैसे घेतले नाहीत. दोन्ही काठांवरून माणसं आली, ढोल वाजले, तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची पंगत बसली. रावसाहेबांसाठी आणलेली खुर्ची त्यांनी एका म्हातारीला दिली आणि ते ओट्यावर बसले.

पुढच्या सभेला राघो कचेरीच्या पायऱ्या चढत होता, तेव्हा तीन अनोळखी माणसं त्याला आडवी आली. धुळीने भरलेली, खांद्यावर घोंगड्या.

"आम्ही मोहने गावचे," त्यांतला वडीलधारा म्हणाला. "आमच्याही नदीवर होडीचा उतार आहे, आणि उन्हाळ्यात पाणी मचूळ होतं. आमचं गाव हिस्सा द्यायला तयार आहे, हातांनी. तेवढं आवडाबाईंना विचाराल का, आमच्याकडे कुठं खणायचं ते?"

"इचारायचं कशाला," राघो म्हणाला. त्याने मागे वळून हाक मारली. आवडाबाई बाजाराचा हारा उतरवून आवाराच्या भिंतीशी उभी होती. "वैनी, या हिकडं! तुमचं काम आलंय."

आणि तो सभेत गेला. बाकाच्या टोकाला बसला नाही.