सोपाऱ्याचा समुद्र

मनकर्णाबाईंनी वाकून तळ्यातले पाणी ओंजळीत घेतले, जिभेच्या टोकाला लावून पाहिले आणि मग सगळेच पिऊन टाकले.

"हरिदास, हे तं गोड हाये रे."

"हे तळं आहे, माय. समुद्र पुढं असन."

"पुढं कुठी?"

तळ्याच्या बांधावर चढून हरिदासने चारही दिशांना पाहिले. केळीच्या बागा होत्या, ताड होते, रहाटाभोवती एक बैल डोळे बांधून फिरत होता. नालासोपारा स्टेशनावर उतरून मायलेक दोन मैल चालत आले होते, आणि वाटेत ज्याला विचारावे तो हेच सोपारे म्हणत होता. समुद्रपुराजवळच्या गावात हरिदास तिसरी-चौथीला शिकवायचा. फळ्यावर खडूने किनारा काढून त्यावर तो सोपाऱ्याचा ठिपका द्यायचा, ठिपक्याशेजारी एक शिडाचे जहाज काढायचा. हे बंदर, मुलांनो. इथे दूरदूरच्या देशांची जहाजे येत. खडूच्या त्या ठिपक्यावर आता तो उभा होता, आणि समोर केळी होत्या.

बागेत एक म्हातारा माळी पाटाचे पाणी वळवत होता. हरिदासने त्याला नमस्कार केला.

"समुद्र कोणीकडे आहे?"

"समुद्र? तो गेला की."

"गेला म्हणजे?"

"मागे सरला. माझ्या आजोबांच्याही आजोबांनी पाहिला नाही इथे. गाळ भरला, खाडी राहिली, आता खाडीतही भरतीपुरतंच पाणी. समुद्र हवा तर कळंबला जा, बैलगाडीने दीड तास." माळ्याने फावडे टेकवले आणि मनकर्णाबाईंच्या पांढऱ्या लुगड्याकडे पाहिले. "कुठले तुम्ही?"

"वर्ध्याकडचे. समुद्रपूर."

"मग तिथे नाही का समुद्र?"

"नाई जी," मनकर्णाबाई म्हणाल्या. "नुसतं नाव हाये."

म्हातारा हसला. हरिदासला हसू आले नाही. ज्यासाठी ती दोघे एवढ्या लांब आली होती त्या स्तूपाबद्दल त्याने विचारले. म्हाताऱ्याला तो शब्द कळेना. मग विटांचा ढीग म्हटल्यावर तो म्हणाला, "बुरुड राजाचा कोट होय? तो पलीकडे."

"राजाचा नाही. बुद्धाचा आहे."

"असेल. आम्ही कोट म्हणतो."

कोट म्हणजे गवताने भरलेली एक टेकडी होती. मधोमध खणल्याची खोल खूण, बाजूला जुन्या विटा, आणि विटांवर तीन शेळ्या. दारही नव्हते, पायरीही नव्हती. मनकर्णाबाईंनी वहाणा काढल्या, पण कुठल्या बाजूला उभे राहावे ते त्यांना समजेना. त्या एकदा इकडे वळल्या, एकदा तिकडे.

"हात कोनाकडे जोडू?"

"कुठूनही जोड, माय."

हरिदासने त्रिसरण म्हटले. त्या त्याच्या मागून एकेक शब्द जपून म्हणत गेल्या. दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या त्या अफाट गर्दीत त्यांनी पहिल्यांदा ते म्हटले होते, तेव्हा त्यांचा आवाज हजारो आवाजांत मिसळून गेला होता. इथे तो एकटाच ऐकू येत होता आणि त्यांना त्याची लाज वाटत होती.

म्हणून झाल्यावर हरिदास उत्साहाने सांगू लागला. या विटांच्या पोटात एक दगडी पेटी सापडली होती. पेटीत तांब्याची डबी, तिच्यात चांदीची, अशा एकात एक डब्या. अगदी आतल्या सोन्याच्या डबीत भिक्षापात्राचे तुकडे. ती पेटी मुंबईला नेऊन ठेवली आहे.

"तुकडे?"

"व्हय. बुद्धाच्या पात्राचे, असं मानतात लोक."

"फुटक्या भांड्याचे तुकडे सोन्याचांदीत ठेवले?"

"आठवण म्हणून, माय. ती पूजा नव्हे."

मनकर्णाबाई विटांवर बसल्या.

"आठवन ठेवली तं चालते?" त्यांनी विचारले.

हरिदासने वर्गात प्रश्न आल्यावर करायचा तसा घसा साफ केला. "म्हणजे कसं, माय..." त्याने सुरुवात केली.

"मंग ऐक. मी तुह्यापासून एक गोष्ट लपवली होती."

त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि आतून मळक्या फडक्याची पुरचुंडी काढून मांडीवर ठेवली. हरिदासने ती उघडण्याआधीच ओळखली. देव्हाऱ्यातले टाक. देवांच्या आकृती उठवलेले तांब्याचे पाच पातळ पत्रे. दीक्षेहून परतल्यावर देव्हारा त्याने स्वतः उचलून बाहेर ठेवला होता, आणि टाक वणा नदीत सोडून ये असे मायला सांगितले होते. संध्याकाळी ओल्या लुगड्याने ती घरी आली होती. सोडले, म्हणाली होती.

"सोडले होते रे. वणेच्या डोहात, कमरेइतल्या पान्यात जाऊन. खोटं ते नाई. पन चैतात डोह आटला. नत्थूजी धोबी आला, दुरूनच आंगनात पुरचुंडी टाकली. म्हने, मनकर्णाबाई, तुमचे देव घ्या, माह्या दगडापाशी पडून होते. तू शाळेत होता. मी तुरीच्या कोठीत लपवले."

"दीड वर्ष?"

"नदी आटते आपली. फेकले की परत येतात. तू म्हनला, सोपाऱ्याले समुद्र हाये, तवा मी आली. म्हनलं समुद्र तं आटत नाई." त्या आजूबाजूला पाहून हलकेच म्हणाल्या, "इथं तं तोही गेला."

हरिदास उठून उभा राहिला. त्याला राग यायला हवा होता. गावात भाषणे त्याने केली होती. घरोघरी जाऊन देव बाहेर काढायला त्याने लोकांना समजावले होते, कुणाकुणाच्या म्हाताऱ्या माणसांची रड ऐकून घेतली होती. आणि त्याच्याच घरी, तुरीच्या कोठीत.

"उद्या दादरले जाऊ," मनकर्णाबाई म्हणाल्या. "बाबासाहेबाले जिथं अग्नी देल्ला तिथं. हे कमरेले बांधून मी तिथं उभी नाई राहू शकत. आजच काय ते कर."

कळंबकडे एक रिकामी बैलगाडी निघाली होती. गाडीवाल्याने दोघांना मागे बसवून घेतले. सुरूच्या झाडांमागून एकाएकी वाळू आली, आणि वाळूच्या पलीकडे पाणी. मनकर्णाबाई गाडीतून उतरल्या आणि जागीच थांबल्या.

"बापा!" एवढेच त्या म्हणाल्या. मग विचारले, "हा जाते का इथूनही?"

"दिवसातून दोनदा जातो अन् येतो. आता येऊन राह्यला."

त्यांनी पुढे जाऊन बोट बुडवले, जिभेला लावले आणि तोंड वाकडे केले. त्यांचे समाधान झाले. लुगडे खोचून त्या घोट्याएवढ्या पाण्यात गेल्या. हरिदास पाटलोण दुमडून मागे गेला. पुरचुंडी घ्यायला त्याने हात पुढे केला, पण त्यांनी ती स्वतःच सोडली.

पहिला टाक त्यांनी अंगठ्याने चाचपला. "हा घोड्यावरचा. खंडोबा." त्यांनी तो सरळ लाटेत सोडला. काही क्षण तो चमकला आणि दिसेनासा झाला. दुसरा टाक त्यांनी उलटसुलट करून पाहिला. "ही देवी. हिचे लय हात." तोही गेला. हरिदासला वाटले, आता झालेच. पण उरलेले तीन तळहातावर धरून त्या नुसत्या पाहत राहिल्या.

"काऊन थांबली?"

"याच्यात एक तुहा बाप हाये."

लाट आली, दोघांच्या पायांखालची वाळू घेऊन गेली.

"तू आठ महिन्यांचा होता. पटकीत गेले ते. तुह्या आजीनं सोनाराकडून त्यायचा टाक घडवला, देवात बसवला. आजी गेली. मी दर आवसेले चिंचेनं घासत होती सगळे. तुले कधी सांगतलं नाई. मंग तू देव काढायले निघाला, तवा सांगनार होती. पन तुहं तोंड पाहून नाई सांगतलं."

हरिदास त्यांच्या तळहातावर वाकला. बापाचा फोटो घरात नव्हता. श्रावण हे नाव शाळेच्या दाखल्यावर होते, त्यापलीकडे त्याच्यापाशी बापाचे काही नव्हते. तिन्ही पत्रे घासून घासून गुळगुळीत झाले होते. कुठे खांद्यासारखा एक उंचवटा, कुठे डोक्यासारखा. देव कोणता, बाई कोणती, माणूस कोणता, काही उमगत नव्हते.

"कोणता, माय?"

"हा." त्यांनी एक उचलला, उन्हाकडे धरला, पुन्हा ठेवला. "नाई. हा असन. पागोटं होतं त्याले, डाव्या अंगाले गाठ." बोटाने त्या गाठ शोधू लागल्या. तिन्ही टाकांवरून बोट फिरले आणि परत पहिल्यावर आले. "नजरेपुढं ठेवलेलं, अन् मीच घासून टाकलं रे."

"तिन्ही ठेव," हरिदास म्हणाला. आपण काय म्हणालो ते त्याच्या लक्षात आले, आणि तो घाईने म्हणाला, "नाहीतर तिन्ही सोड. तू म्हनशील तसं."

मनकर्णाबाईंनी ऐकले की नाही कुणास ठाऊक. त्यांनी ओला हात पुढे करून त्याची हनुवटी धरली आणि त्याचे तोंड मावळतीकडे वळवले. मग एक टाक त्याच्या गालाशेजारी धरला. डोळे बारीक करून त्या कधी तांब्याकडे, कधी त्याच्याकडे पाहू लागल्या.

"माय, लोक पाहून राह्यले."

"बोलू नको. तेही लय बोलत नव्हते."

त्यांनी पहिला टाक खाली घेतला, दुसरा धरला. पाणी आता पोटरीपर्यंत आले होते. गाडीवाला लांबून हाका मारत होता. हरिदासने ओठ मिटले, हनुवटी आणखी जरा वर केली आणि तो न हलता उभा राहिला.