फळीवरची नवी पुडी

शनिवारी दुपारी कचरूआबा भाताच्या तुसावर उकिडवे बसून पिल्लांचा श्वास ऐकत होते. बिस्किटांच्या कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती गळ्यात मारल्यावर त्यांनी खडकवासल्याच्या पुढे ही ब्रॉयलरची शेड टाकली होती. मुलगी आम्रपाली दर शनिवारी कोथरूडहून यायची. ती पशुखाद्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती.

"या खेपेला पुन्हा तुझी पुडी घालून बघू का गं?" त्यांनी विचारलं.

गेल्या वर्षी तिनेच त्यांना पटवलं होतं. खाद्यात रोज अँटिबायोटिक कालवलं की पिल्लं भराभर वाढतात, पण जंतूही निर्ढावतात. उद्या माणसालाच औषध लागू पडायचं नाही. त्यापेक्षा चांगल्या जिवाणूंची पुडी पाण्यात कालवून खाद्यावर शिंपडायची. आबांनी ऐकलं. आणि हगवणीने अर्धी शेड रिकामी झाली. शेजारचे शेडवाले म्हणाले, आता कोंबड्यांना ताकभात घाला. आबांनी हसून सांगितलं, पुडी चांगलीच होती, हात माझा चुकला.

त्याच दिवशी आम्रपालीने टाकीचं झाकण उघडलं होतं. ब्लिचिंग पावडरचा भपकारा आला. कारखान्यात बत्तीस वर्षं स्वच्छता अंगी मुरलेला माणूस. पिल्लांचं पाणी पावडर घातल्याशिवाय तो वापरायचाच नाही. त्या पाण्यात तिचे जिवाणू घटकाभरही तगले नसणार. पुडी पावडर न घातलेल्या पाण्यात कालवा, एवढंच सांगायचं तिच्याकडून राहून गेलं होतं. तिने झाकण लावलं, आणि आबांना हे कळू दिलं नाही.

या शनिवारीही ती म्हणाली, "राहू द्या आबा. तुम्हाला जमायचं नाही ते."

"बरं," म्हणून ते पिल्लांकडे वळले. रविवारी सकाळी शेडच्या दारातच कोसळले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

आबांच्या पुण्यानुमोदनाचा विधी आटोपल्यावर ती आई हिराबाईंबरोबर शेडवर गेली. खाद्याच्या पोत्यांमागच्या फळीवर एक नवी पुडी होती, न फोडलेली.

"गेल्या आठवड्यात स्वतःच जाऊन आणली," हिराबाई म्हणाल्या. "म्हणाले, माझ्यापायी पोरीचं नाव खराब झालं. या वेळी हात चुकू द्यायचा नाही."

बोलता बोलता त्यांनी सवयीने पावडरचा चमचा टाकीवर धरला. आम्रपालीने त्यांचं मनगट पकडलं.

"आई, थांब. या पावडरीनेच माझी पुडी वाया गेली होती. हे सांगायचं मी विसरले होते, आणि कळल्यावरही बोलले नाही. आबांचा हात चुकला नव्हता."