तपकिरी ढाल

मेलेलं नाहीये ते. मेलंय असं तू ठरवलंस, दादा, आणि तेही दारातूनच, हातातली किल्ली फिरवत...

हे ती मोठ्याने बोलली नव्हती. बोटाखाली ते पान होतं — तपकिरी, कोरडं, नेच्याच्या बुडाशी फळीला ढालीसारखं चिकटलेलं — आणि त्याच्या कडेत तिचं नख शिरलं होतं, कारण दादा सांगून गेला होता, "वाळकी पानं सोलून काढ. संध्याकाळी हॉटेलवाल्याची गाडी येतेय. नाहीतर मढं विकताय म्हणेल."

नख आत गेलं आणि थांबलं. या वाळक्या पानाआड ओल होती, मुळं होती, कोंब होता. ढाल सोलली की वरची हरणाच्या शिंगांसारखी पानं काही दिवस ताठ मिरवतात, आणि मग... बाबांनी हे दोघांनाही एकाच फळीपुढे उभं करून दाखवलं होतं. म्हणजे दादाला ठाऊक आहे. गाडी गेली की कुणी का मरेना. बाबांची नर्सरी आता अशी चालते.

आणि हे तर तिने धुळीतून वाढवलेलं — बाबांनी मरायच्या आधी हातावर ठेवलेल्या पुडीतली चिमूटभर तपकिरी धूळ, बी म्हणायलाही लाज वाटावी इतकी बारीक. जात कुठली, ते त्यांनाही माहीत नव्हतं. जुळ्या बहिणींसारख्या दोन जाती; पान जिथे दुभंगतं तिथे पाठीमागे मखमली डाग उमटतो, तेव्हाच कळतं — एक डाग, की दोन. तोवर वाट बघायची. ती बघत आली होती.

"झालं का, वन्सं?" वहिनी कुंड्यांआडून म्हणाली. "माणसाचं पोर असतं तर एव्हाना स्वतःच नाव सांगून मोकळं झालं असतं."

"पोरालाही असंच सोललं असतंत का?"

वहिनी हसली, मग हसायची थांबली.

सासरहून परत आले तेव्हाही, दादा, तू दारातूनच पाहिलंस. गिऱ्हाइकांना सांगतोस, ही इथे असते. बहीण हा शब्द काय जड आहे का रे, उचलत नाही?

तिने वरचं, शिंगासारखं एक पान उलटलं. दुभंगाखाली हिरवा रंग फिका पडला होता, किंचित फुगीर, मांजराच्या कानामागे असते तशी लव... एक? की बाजूला दुसराही उठतोय? अजून कळत नव्हतं. नख तिने बाहेर काढलं, चीर पडलेल्या कडेवर ओलं शेवाळ दाबून धरलं.

बाहेर किल्ली वाजली. सावली दारात येऊन थांबली, नेहमीसारखी.

मी सोललेलं नाही. सोलणार नाही. हॉटेलवाला विचारेल, हे काय आहे, आणि ही कोण — तेव्हा काय सांगणार आहेस? तिथून नको, दादा. आत ये, या पानाला हात लाव, आणि मग सांग.