सगळे डावे हात

मागच्या अंगणात बाळाच्या खोलीचा पाया खणायला घेतला आणि गवंड्याच्या फावड्यावर इवलासा पांढरा हात आला. बोटांसकट. गवंड्याने फावडं टाकलं. सून पायरीवर उभी होती, सात महिन्यांचं पोट सावरत. ती ओरडली नाही, सरळ आत जाऊन कपडे भरायला लागली. ओरडली असती तर बरं. ओरडणाऱ्याला गप्प तरी करता येतं.

मी तो हात धुतला आणि जिभेला लावला.

"शी! आई, थुंका आधी!" सून दारातून म्हणाली.

"जुनं हाड जिभेला चिकटतं. हे कपबशीसारखं घसरतंय. बाहुलीचा हात आहे, चिनी मातीचा. झालं समाधान?"

"मग पुरली कशाला बाहुली? कुणाचं तरी मूल गेलं असेल, त्याच्यासोबत खेळणी पुरली असतील. त्यावर माझं बाळ निजवू? मी माहेरी चालले."

माझे पाय एका जागी राहिनात. अंगणातून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून अंगणात. माझ्या मुलाने जुन्या वस्तू विकणाऱ्या एका ओळखीच्याला फोटो पाठवला. त्याने कळवलं, अशा बाहुल्यांचं धड कापडाचं असायचं, ते कुजून जातं. मनगटावरच्या खाचेत दोरा आवळून हात बसवायचे. पुरले का, ते ठाऊक नाही. मोठा जाणकार! हवं तेवढंच ठाऊक नव्हतं.

मग मीच खड्ड्यात उतरले.

"आई, गुडघे!" मुलगा म्हणाला.

"गुडघे माझे आहेत. तू तुझा फोन सांभाळ."

खुरप्याने उकरत गेले तसे हातच हात निघाले, आणि नाक चेपलेली काही डोकी. चादरीवर मांडली. म्हटलं, एक जोडी जुळवून सुनेपुढे धरते, म्हणजे तिला बाहुली दिसेल, मढं नाही. पण जोडी लागेना. हा घे, तो घे, उलटा करून बघ. घाम फुटला मला.

"सगळे डावेच आहेत, आई." सून कधी मागे येऊन उभी राहिली कळलं नाही. "आणि अंगठे बघा. तळव्याला चिकटलेत. प्रत्येकाचे."

साचाच बिघडला असणार. कुणा कारखान्याने वाया गेलेला माल इथे ओतला. कुठलं मूल नुसत्या डाव्या हातांशी खेळतं? हे तिच्याआधी मला दिसायला हवं होतं, पण तिच्यासमोर तसं कोण म्हणतंय!

तिने खुर्ची मागवली, खड्ड्याच्या काठाशी बसली आणि गवंड्याला म्हणाली, "खणा. निघेल ते मला दाखवा."

डावा. डावा. परत डावा. एक जरी चांगला उजवा निघाला, तर वाया गेलेल्या मालाची गोष्ट खोटी ठरेल आणि ही माहेरी निघालीच, हे मला कळत होतं. तेवढ्यात माझ्या पायाशी माती ढासळली आणि उजवा हात उघडा पडला. मी त्यावर पाय दिला.

"आई, पाय काढा."

"मुंगी चावली गं."

"काढा म्हणते ना!"

तिने तो उचलून पदराला पुसला. चारही बोटं एकमेकांत वितळून गोळा झाली होती.

"हा तर त्यांच्याहून वाया गेलेला," ती म्हणाली आणि हसायलाच लागली. मग गवंड्याकडे वळली. "खिडकी या बाजूला नको. बाळाच्या डोळ्यांवर ऊन येईल."

"खिडकी तिथेच होणार. घर माझं आहे."

"बाळ माझं आहे."

गवंडी फावडं धरून एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला.