एका बादलीतली आंघोळ

मी एक जुनी गाडी आहे, मित्रांनो. रंगाने पांढरी, चार दारांची, आणि कित्येक दिवस एकाच जागी उभी राहिलेली. आरमोरीत राईस मिलच्या मागच्या गल्लीत, एका टिनाच्या छपराखाली माझं घर आहे. हिवाळ्यात वैनगंगेवरून धुकं येतं आणि माझ्या काचांवर बसतं. त्यावर मिलची काजळी बसते. मग कुणी येऊन पुसेपर्यंत मला गल्लीसुद्धा दिसत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे हुबेहूब माझ्यासारख्या शेकडो गाड्या होत्या. तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो दिवस, ज्या दिवशी सुगंधाबाईंनी माझी किल्ली हातात घेतली. त्या सरकारी उपकेंद्रात नर्स होत्या. लसी द्यायला, बाळंतिणींना बघायला त्यांना जंगलातल्या गावांना जावं लागे. आधी त्या एसटीने जात आणि पुढे पायी. पन्नाशीला टेकल्यावर त्या गाडी चालवायला शिकल्या आणि मला घरी घेऊन आल्या. बाई गाडी चालवते, हे बघायला पहिल्या दिवशी सारी गल्ली गोळा झाली होती.

त्यांचे यजमान भैयाजी. त्यांचं शिलाईचं दुकान होतं. मला चालवायचा प्रयत्न त्यांनीही एकदा केला. अंगणातून बाहेर काढता काढता त्यांनी मला सरळ तणसीच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगात घुसवलं. बाई पोट धरून हसल्या. "हे आपलं काम नाई," असं म्हणून भैयाजी उतरले, ते पुन्हा कधी स्टिअरिंगला शिवले नाहीत. सुट्टीच्या दिवशी ते बाईंच्या शेजारी बसत, मांडीवर जेवणाचा डबा घेऊन.

काय ते दिवस होते! कुरखेड्याकडचा रस्ता, दोन्ही बाजूंना मोहाची झाडं, मागे लाल धुळीचा लोट. एकदा दवाखाना गाठायच्या आधीच माझ्या मागच्या सीटवर एक मुलगी जन्मली. तिच्या आजीने माझ्या बॉनेटला हळदकुंकू लावलं होतं. मी खिडक्यांपर्यंत चिखलाने माखून परत येत असे. बाई बादलीभर पाणी फेकत आणि म्हणत, "चाल, झाली तुही आंघोळ."

मग एका पावसाळ्यात बाईंना कावीळ झाली. अंगात उठायचं बळ राहिलं नाही. मित्रांनो, मी किती जणांना दवाखान्यात पोहोचवलं, पण त्या दिवशी मी छपराखालीच उभी होते. मला चालवणारीच अंथरुणावर होती. रुग्णवाहिका आली आणि बाईंना घेऊन गेली. भैयाजी तिच्यात चढताना एकदा माझ्याकडे बघून गेले. बाई परत आल्या नाहीत.

तिथून माझं उभं राहणं सुरू झालं. बॅटरी उतरली. टायर बसले. सीटखाली उंदरांनी कापूस ओढून आणला. भैयाजींनी दुकानही बंद केलं होतं. पण दर रविवारी ते नळी घेऊन येत आणि मला धूत. थंडीच्या दिवसांत टाकीचं गार पाणी हातावर वाहून त्यांची बोटं आखडत. ती काखेत धरून ते जरा वेळ उभे राहत आणि पुन्हा सुरू होत.

शेजारी चंदा राहते. ती अंगणवाडीत शिकवते. तिचा नवरा चंद्रपूरला कोळशाच्या खाणीत आहे आणि सणावारालाच येतो. एका रविवारी ती भिंतीवरून ओरडली, "भाऊ, चालत नाई ते गाडी, मंग तिले धुता काऊन? सारं पानी माह्या अंगनात येऊन राह्यलं!"

भैयाजींनी नळ बंद केला. मी अर्धी साबणातच राहिले. साबण तसाच वाळला. पुढचे बरेच दिवस माझ्याजवळ कोणी आलं नाही.

त्यांची मुलगी दिव्यानी हैदराबादला नोकरी करते. तिच्या कानावर हे गेलं असावं, कारण दिवाळीनंतर एक पार्सल आलं. त्यात निळ्या औषधाची एक बाटली होती आणि मऊ, दाट लवेची फडकी होती. भैयाजींनी तिला फोन लावला आणि स्पीकर सुरू करून तो माझ्या बॉनेटवर ठेवला.

"बाबा, नळी लागत नाई याले," दिव्यानी सांगत होती. "आमच्या बिल्डिंगीत गाडीवर पानी मारू देत नाई, मी हेच वापरते. एका बादलीत एक झाकन टाका. कोमट पानी घ्या, हात आखडनार नाई. फडकं बुडवून पुसा, अन् मंग कोरड्यानं टिपून घ्या. बस. वरून पानी ओताचं कामच नाई."

"न ओतता धुनं? हे तर पुसनं झालं," भैयाजी म्हणाले.

"पुसनं नोहे, बाबा. ते औषध धुळीले सैल करून उचलून घेते. फक्त दाबू नोका. अन् चिखल असन, तर आधी भिजू द्या."

पहिल्या वेळी ते घाबरत घाबरत आले. ऊन छपराच्या कडेवर येईपर्यंत थांबले. मग कोमट पाण्यातलं फडकं माझ्या टपावर ठेवलं आणि एकाच दिशेने, सरळ ओढलं. शिंप्याचाच हात तो. फडक्याची घडी त्यांनी अशी घातली होती की प्रत्येक वेळी स्वच्छ बाजू वर येईल. त्या थंडीत मला पहिल्यांदा ऊब लागली. काजळी निघाली, साबणाचे डाग निघाले. एक थेंबही चंदाच्या अंगणात गेला नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा फोन लावला. "दिव्या, झाकन एक टाकू का दोन?"

"एक, बाबा."

त्याच्या पुढच्या रविवारी, "फडकं आधी टपावर, का दारावर?"

मला नवल वाटलं. झाकणभर औषध तर त्यांनी फोन लावायच्या आधीच बादलीत टाकलेलं असे. कधी कधी मी अर्धी पुसूनही झालेली असे. तरी ते विचारत. दिव्यानी सांगे, मग जेवण झालं का विचारी, आणि फोन ठेवी. तेवढ्या बोलण्यावर त्यांचा तो दिवस जाई.

एका रविवारी ती वैतागली. "बाबा, किती वेळा सांगू? मीटिंगमध्ये हाये मी. एवढं सोपं तर हाये!"

"हो, हो. हाये सोपं," भैयाजी म्हणाले.

त्यानंतर त्यांनी फोन लावला नाही. रविवारी येत, बादली ठेवत, मुकाट पुसत. माझी काच लख्ख झाली की तिच्यात त्यांचं तोंड दिसे. ते तिकडे बघत नसत. मला बोलता येत असतं, तर मीच काहीतरी विचारलं असतं.

संक्रांतीच्या सुमारास दिव्यानी घरी आली. येतानाच तिने माझ्यासाठी गिऱ्हाईक ठरवलं होतं. "बाबा, उभ्या उभ्या सडून राह्यली गाडी. रविवारी दुपारी मानूस येते ब्रह्मपुरीचा. देऊन टाकू."

"दे," भैयाजी एवढंच म्हणाले.

त्या रविवारी ते नेहमीपेक्षा लवकर आले. धुकं पुरतं उठलंही नव्हतं. दिव्यानी चहाचा कप घेऊन ओट्यावर बसली आणि बघत राहिली. भैयाजींनी टप पुसला, काचा पुसल्या, दारं पुसली, दारांच्या कडांत साचलेलं दव कोपऱ्याकोपऱ्यातून टिपलं. कुठे थांबले नाहीत, कुठे चुकले नाहीत.

"बाबा," ती म्हणाली, "तुमाले तर सारं येते."

"येते ना."

"मंग दर रविवारी इचारत काऊन होते?"

भैयाजींनी फडकं पिळलं. पिळून झालं तरी पिळत राहिले. "दुसरं काय इचारू, माय? तुही नोकरी मले समजत नाई. तिकडची भाषा समजत नाई. हे एवढंच हाये, जे तुलेबी येते अन् मलेबी येते."

दिव्यानीचा चहा गार झाला. ती उठली, एक कोरडं फडकं उचललं आणि माझ्या दुसऱ्या बाजूला आली. बापलेक दोन बाजूंनी मला टिपत राहिले. मध्ये मी होते.

मग फाटकाजवळ जाऊन तिने फोन केला. "नाई दादा, येऊ नोका. गाडी विकाची नाई."

"ठेवून काय करशीन?" भैयाजी म्हणाले. "मले कुठी चालवता येते?"

तेवढ्यात भिंतीपलीकडून चंदा म्हणाली, "भाऊ, मले येते ना! क्लास केला मी. लायसन बी हाय. हात बसवाले गाडीच नाई."

सोमवारी मेकॅनिकने नवी बॅटरी बसवली, टायर बदलले. मी खोकले, धूर सोडला आणि सुरू झाले. दिव्यानीने मला नदीच्या पुलापर्यंत नेऊन आणलं आणि संध्याकाळच्या बसने ती हैदराबादला निघून गेली. ती दर रविवारी फोन करते, असं मी खोटं सांगणार नाही. कधी करते, कधी राहून जातं. राहून गेलं की भैयाजी ओट्यावर बराच वेळ बसून असतात.

पण चंदा येते. पहिल्यांदा तिने मला तिच्या माहेरी नेलं. भैयाजी शेजारी बसले होते. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस पडून गेलेला, रस्ता चिखलाचा. चंदाने दोनदा मला बंद पाडलं आणि एका नाल्यात असा चिखल उडवला की समोरचं दिसेना. परत आलो तेव्हा मी टपापर्यंत लाल झाले होते.

"भाऊ, पुरी खराब केली जी मी तुमची गाडी," चंदा ओशाळून म्हणाली.

भैयाजी माझ्याभोवती एक फेरी मारून आले. "होऊ दे, बाई," ते म्हणाले. "लय दिवसानं खराब झाली."

मित्रांनो, तुमच्या अंगणातही एखादी जुनी वस्तू असेल. तिला जरूर पुसा, मऊ हाताने पुसा, पाणी जपून वापरा. पण नुसतं पुसून ठेवू नका, तिला कुठेतरी घेऊन जा. आणि घरातलं कोणी तुम्हाला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत असेल, तर वैतागू नका. उत्तर त्यांना ठाऊक असतं. वाटेवरच्या धुळीचा मला कधीच त्रास झाला नाही. जड होते ती जागच्या जागी बसलेली धूळ.