पिवळी रेघ

सकाळी दहाच्या सुमाराला मिस्त्रीने टॉर्क पान्याची पेटी उघडली आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली.

पाना जागच्या जागी होता. पण त्याच्या तोंडाला स्पार्क प्लगची लांब गोटी, म्हणजे सॉकेट, अडकवलेली होती. ती काल संध्याकाळी त्याने स्वतःच अडकवली होती, वकिलाच्या गाडीचे प्लग बसवताना. आज सकाळी त्याने लेकीच्या गाडीचे ब्रेक केले. त्या बोल्टना लागते ती गोटी निराळी, आखूड आणि जाड. ती पेटीत आपल्या खाचेत आरामात पडली होती. म्हणजे आज सकाळी हा पाना पेटीबाहेर निघालाच नव्हता आणि ब्रेकचे बोल्ट आवळलेच नव्हते.

रेघा मात्र मारल्या होत्या. चारही बोल्टवर पिवळ्या रेघा मारल्याचं त्याला लख्ख आठवत होतं.

ह्या रेघेचं प्रकरण आधी सांगायला हवं. मिस्त्री आयुष्यभर एकाच जपानी कंपनीच्या गाड्या दुरुस्त करत आला. कंपनीचं नाव मिकाझुकी, आणि बॉनेटवर चंद्रकोरीचा बिल्ला. शिलाई यंत्रं बनवणाऱ्या दोन भावांनी युद्धानंतर पोटासाठी तीनचाकी मालगाडी काढली, मग चारचाकी काढली, आणि ती इतकी चिवट निघाली की समुद्र ओलांडून इथवर आली. बावीस वर्षांचा मिस्त्री तेव्हा त्यांच्या वर्कशॉपमध्ये लागला. शिकवायला एक बुटके जपानी गुरुजी आले होते. त्यांना आपल्या भाषेतली चारच शब्दांची शिदोरी होती: "आधी आवळा, मग रंगवा." बोल्ट आधी हाताने फिरवून बसवायचा. मग टॉर्क पाना लावायचा, आणि पाना 'टक्' वाजला, म्हणजे हवा तेवढा जोर बसला, की रंगाच्या पेनाने बोल्टवरून बाजूच्या लोखंडावर एक पिवळी रेघ ओढायची. बोल्ट पुढे केसभर जरी सैल झाला तरी रेघ तुटलेली दिसते. शिवाय चाक चढवण्याआधी रेघ पाहायची. रेघ असेल तरच चाक. माणूस विसरतो, रेघ विसरत नाही, असं गुरुजींनी दुभाष्याकरवी सांगितलं होतं.

पुढे ती कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीच्या पोटात गडप झाली आणि इथलं दुकान बंद झालं. गाड्या मात्र हटून बसल्या. गावात आणि आसपास मिळून एकतीस उरल्या होत्या, आणि त्या सगळ्यांचा वाली एकटा मिस्त्री. मालकही एकेक नग. दातांच्या डॉक्टरीणबाईंची गाडी एकदा तीन दिवस पुराच्या पाण्यात उभी राहून चौथ्या दिवशी सुरू झाली. ही कथा त्या पेशंटचं तोंड उघडं असतानाच सांगतात, त्यामुळे आजवर त्यांना कुणी खोटं पाडलेलं नाही. बेकरीवाल्याने मागची सीट काढून इतकी वर्षं मैदा वाहिला की गाडीच्या सांध्यासांध्यातून अजून पांढरं उडतं. रस्त्यात समोरून चंद्रकोर आली की ह्या मंडळींनी तीनदा दिवे मिचकावायचे आणि समोरच्यानेही तीनदा मिचकावायचे, हा त्यांचा रामराम. तो मिस्त्रीनेच पाडलेला पायंडा होता.

लेकीच्या लग्नात त्याने हीच गाडी दिली. खिळा न् खिळा स्वतः सुटा करून, पुन्हा जोडून. जावयाच्या मनात नवी गाडी होती. "बाबा, नव्या गाडीत सहा एअरबॅग असतात," तो हसत म्हणाला होता. मिस्त्रीने भर पाहुण्यांत उत्तर दिलं, "त्या सहापेक्षा माझी एक रेघ भारी." सगळे हसले. लेक तर केवढी फुशारली होती.

आता ते वाक्य त्याच्या डोक्यात घण घालत होतं.

झालं कसं, तेही आठवलं. आठवलं म्हणजे त्याने स्वतःला छळून छळून आठवायला लावलं. लेक, जावई आणि नात, तिघं घाटापलीकडे जावयाच्या आईकडे निघाली होती. वाटेत ब्रेकचे पॅड बदलून घ्यायला थांबली. दोन्ही पुढची चाकं काढलेली, पॅड बसलेले, चारही बोल्ट हाताने फिरवून झालेले. तो पान्याकडे वळणार, एवढ्यात चार वर्षांच्या नातीने, चिमणीने, पिवळं पेन पळवलं आणि स्वतःच्या फ्रॉकवर टेकवलं. "अगं माझे आई!" म्हणत त्याने ते तिच्या हातून सोडवून घेतलं. पेन हातात आलं आणि हाताने चाळीस वर्षांची सवय पुढे चालवली. एक, दोन, तीन, चार. तिकडून जावई म्हणाला, "बाबा, उशीर होतोय हं." मिस्त्रीने चाक उचललं, नियमाप्रमाणे रेघ पाहिली, रेघ होती. चढवलं. स्वतःच्याच रेघेने त्याला फसवलं.

त्याने लेकीला फोन लावला. बंद. गाडी चालवताना फोन बंद ठेवायचा, हे तिला शिकवलं कुणी? ह्यानेच, कान पिळून. मग जावयाला लावला. रिंग गेली आणि मिस्त्रीच्या पाठीमागे, फळीवर, रेडिओशेजारी चार्जरला लावलेला जावयाचा फोन आनंदाने वाजू लागला. मिस्त्री मटकन खाली बसला.

पण बसून चालणार नव्हतं. त्याने पाना, आखूड गोटी, पेन, जावयाचा फोन असं सगळं पिशवीत कोंबलं, आपली चंद्रकोरवाली गाडी काढली आणि निघता निघता पोलिसांच्या मदतीच्या नंबराला फोन केला. तिथल्या माणसाने गाडीचा नंबर, रंग, घाटाचं नाव शांतपणे लिहून घेतलं आणि म्हणाला, "चौकी घाटाच्या पलीकडच्या पायथ्याला आहे, त्यांना कळवतो." पलीकडच्या पायथ्याला! म्हणजे सगळा उतार उतरून झाल्यावर.

चढाची त्याला भीती नव्हती. चढावर ब्रेक लागतो कितीसा? पण माथ्यापासून पुढे सतरा वळणं, आणि प्रत्येक वळणावर पाय ब्रेकवर. हाताने फिरवलेले बोल्ट हादऱ्याने एकेक आटा मागे सरकणार. एक पडला की ब्रेकचा अख्खा जबडा दुसऱ्याभोवती लटकणार, चाकात अडकणार. मग पेडल दाबलं काय आणि नाही दाबलं काय. हे सगळं त्याला एवढं बारकाईने ठाऊक होतं, हाच त्याचा शाप होता. दुसरा कुणी बाप नुसता घाबरला असता. ह्याला प्रत्येक आटा दिसत होता.

तेवढ्यात त्याला बेकरीवाला आठवला. त्याची बेकरी अलीकडच्या पायथ्याला, अगदी रस्त्यावर.

"माझी लेक घाटाकडे येतेय. थांबव तिला. काहीही कर, पण थांबव," मिस्त्री फोनवर ओरडला.

"अरे पण झालंय काय?"

"ब्रेक सैल आहेत! थांबव!"

बेकरीवाला भला माणूस. अंगावरच्या एप्रनसकट गाडीत बसला आणि रस्त्याला लागला. दहा मिनिटांनी त्याचा फोन आला. आवाज रडवेला.

"दिसली रे. समोरून आली. मी दिवे मारले. तिनेही मारले."

"मग?"

"मग काय, तीनदा मारले. हसली. मी हॉर्न वाजवला, तिनेही वाजवला. हात बाहेर काढून ओरडत होतो, तर मागून तुझी नात मला टाटा करत होती. गाडी वळवेपर्यंत मध्ये दोन ट्रक घुसले. गेली ती वर."

मिस्त्रीने फोन सीटवर टाकला. थांबवायला धावलेल्या माणसाला तिने रामराम केला होता, बापाने शिकवला तसा. आपण तिला जे जे चांगलं म्हणून शिकवलं ते सगळं आज तिच्या जिवावर उठलंय, असं त्याला वाटलं. फोन बंद ठेव. दिवे मिचकाव. रेघेवर विश्वास ठेव.

घाटात त्या ट्रकांच्या मागे मिस्त्रीने हॉर्नवरचा हात काढला नाही. ट्रकवाल्यांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. वळणावर पुढे काही दिसत नसताना तो पुढे घुसला, तरुणपणी केलं असतं तर गुरुजींनी पान्याने हाणलं असतं असं. तो मोठमोठ्याने बोलत होता. गाडीशी, देवाशी, त्या मेलेल्या कंपनीशी. "मला घे," म्हणत होता. "काय हवं ते घे, पण तिला माथ्यावर थांबव." प्रत्येक वळणावर तो आधी कठड्याकडे पाही. कठडा शाबूत दिसला की श्वास सोडी, आणि पुढचं वळण येई.

माथा आला. रस्ता उताराला लागतो तिथे, अगदी तोंडाशी, डाव्या बाजूला लेकीची निळी गाडी उभी होती.

दारं उघडी. जावई नाक मुरडून मागची सीट पुसत होता. लेक चिमणीचं तोंड धूत होती. घाटात चिमणीला उलटी होते, हे ठरलेलं. ह्या उलट्यांवरून मिस्त्रीने आजवर कितीदा कटकट केली होती, की पोरीला निघताना भरवता कशाला, मग थांबावं लागतं. आज त्याला वाटलं, त्या ओकलेल्या सीटपुढे साष्टांग नमस्कार घालावा.

"बाबा! तुम्ही इथे?" लेक म्हणाली.

जावयाने मिस्त्रीच्या पिशवीतून डोकावणारा स्वतःचा फोन ओळखला. "अहो, फोन द्यायला एवढ्या लांब आलात? कमाल आहे तुमची. मला तर आत्ताच कळलं, राहिलाय ते."

मिस्त्रीच्या जिभेवर आयतं उत्तर आलं. हो, फोनच द्यायला आलो, आणि आलोच आहे तर चाकं बघून घेतो. एवढं म्हणायचं की झालं. पाच मिनिटांत बोल्ट आवळून मोकळा. कुणाला कधी कळलं नसतं. लेक तशीच फुशारत राहिली असती, आणि पुढच्या वेळी रेघ पाहून डोळे मिटून गाडीत बसली असती. चिमणीला घेऊन.

"मी बोल्ट आवळले नाहीत," तो म्हणाला.

"कुठले?"

"ब्रेकचे. चारही. नुसत्या रेघा मारल्या."

जावई हसला. सासऱ्याची काहीतरी गंमत असेल असं त्याला वाटलं. मग त्याने सासऱ्याचा चेहरा पाहिला आणि ओलं फडकं त्याच्या हातून खाली पडलं. त्याने आधी चिमणीला कडेवर घेतलं आणि रस्त्यापासून लांब जाऊन उभा राहिला.

मिस्त्रीने चाकं काढली. उजवीकडचे दोन्ही बोल्ट बोटांनी फिरत होते. डावीकडचा वरचा अर्धा बाहेर आला होता. त्याच्यावरच्या रेघेचा तुकडा एकीकडे, लोखंडावरचा तुकडा दुसरीकडे. खालच्या बोल्टच्या जागी नुसतं भोक होतं. लेक बापाच्या खांद्यावरून वाकून ते भोक पाहत राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

मिस्त्रीने आपल्या गाडीचं चाक काढलं, तिच्या ब्रेकचा तसलाच बोल्ट सोडवला आणि लेकीच्या गाडीला बसवला. मग पान्याला आखूड गोटी लावली आणि चारही बोल्ट आवळले. टक्, टक्, टक्, टक्. सवयीने त्याचा हात पेनाकडे गेला आणि वाटेतच थांबला.

"द्या इकडे," लेक म्हणाली.

त्याला वाटलं, पेन मागतेय. त्याने पुढे केलं. तिने पाना घेतला.

लहानपणी वर्कशॉपमध्ये त्याच्या शेजारी बसून ती हे सगळं शिकली होती. साडीचा पदर खोचून ती उकिडवी बसली आणि त्याने नुकताच आवळलेला पहिला बोल्ट तिने पुन्हा आवळून पाहिला. टक्. मग दुसरा. मग उठून पलीकडच्या चाकाशी गेली. टक्. टक्. चाळीस वर्षांत मिस्त्रीचं काम कुणी तपासलं नव्हतं. तो हात बांधून बाजूला उभा होता, शिकाऊ असताना गुरुजींपुढे उभा राहायचा तसा. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

चौथा बोल्ट झाल्यावर तिने पेनासाठी हात मागे केला. त्याने दिलं. तिने चार रेघा ओढल्या, सावकाश, एकेक नीट पाहून. जावयाने चाकं चढवली. आज त्यानेही चढवण्याआधी वाकून रेघा पाहिल्या.

"तुमच्या गाडीचा ब्रेक सुटा आहे. तुम्ही कसे जाणार?" लेकीने विचारलं. आवाज कोरडा होता, पण विचारलं.

"बेकरीवाला येतोय मागून. तू नीघ. हळू जा."

ती गाडीत बसली. चिमणीने खिडकीतून टाटा केला. गाडी उताराला लागली, पहिल्या वळणाशी मागचे लाल दिवे लागले, गाडी हळू झाली आणि शहाण्यासारखी वळली. दुसऱ्या वळणाशी पुन्हा लागले. पुढची वळणं त्याला दिसत नव्हती, तरी तो कठड्याशी उभा राहून सतरापर्यंत मोजत राहिला.

मग तो आपल्या गाडीकडे आला आणि पसरलेलं सामान पिशवीत भरू लागला. पाना होता, गोटी होती. पिवळं पेन लेकीने परत दिलं नव्हतं. त्यानेही मागितलं नव्हतं.