पायावर पाय

द्रौपदाबाईने आपला उजवा पाय नवऱ्याच्या पायावर दाबून ठेवला आणि म्हणाली,

"हां, आते वाजाडा."

झिपरूने क्लॅरिनेट ओठांना लावली. पहिली ओळ बरी निघाली. दुसरीच्या तोंडाशी त्याचा पाय खालून उचलू लागला, तसा तिने आणखी जोर दिला. सूर जागच्या जागी अडला आणि भलताच ओरडला. ओट्यावर पसरलेलं कुत्रं उठून चालतं झालं.

"कुत्राले बी समजस," ती म्हणाली.

"तू पाय काढ पहिले."

"मी पाय काढा, का तुम्ही निंघनात गल्लीमा."

तिचं खोटं नव्हतं. मिसरूड फुटल्यापासून झिपरू साक्रीत पंडितनानांच्या बँडमध्ये होता आणि उभ्या जन्मात त्याने बसून म्हणून काही वाजवलं नव्हतं. बँडवाल्याचं वाजवणं पायांतून वर येतं. पाऊल पडलं की श्वास भरायचा, पाऊल उचललं की सोडायचा. नवरदेव घरून निघून मारुतीला जाऊन मांडवात पोचेपर्यंत गाव पालथं घालायचं आणि पुढे नाचणाऱ्यांचा उत्साह मावळू द्यायचा नाही, एवढंच शास्त्र त्याला ठाऊक. नाचणारे तोंडात रुमाल धरून धुळीत लोळत. त्यांना ढोल लागे आणि गाण्याची ओळख पटेल एवढा सूर. तेवढा असला की झालं.

झिपरूला हेच डाचत असे. सुरुवातीला नाही, तेव्हा लाल डगल्याचीच ऐट होती. पण केस पांढरे व्हायला लागले तसं त्याला वाटू लागलं की आपण इतकी वर्षं फुंकलं, आणि ऐकलं कोणी? एकदा तरी, मरण्याआधी एकदा, लोकांनी खाली बसून आपलं वाजवणं ऐकावं. एका संध्याकाळी त्याने हे बायकोला बोलून दाखवलं.

"कोनी बशीसन ऐकत नही."

द्रौपदाबाई खाटेच्या पायथ्याशी बसून शेंगा फोडत होती.

"मंग मी काय उभी शे का?" ती म्हणाली, आणि एक शेंग त्याच्याकडे टाकली.

तो हसला आणि विसरला. घरचं माणूस कोण मोजतं?

बसून ऐकायची जागा म्हणजे रेडिओ. टीव्ही तेव्हा साक्रीच्या बाजारपेठेत दोन-चार घरांत आला होता, पण संध्याकाळी बाजारभाव आणि त्यामागून लागणारी गाणी ऐकायला पिंपळाच्या पारावर अजून माणसं जमत. त्या उन्हाळ्यात झिपरूने क्लॅरिनेट बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळली, धुळ्याला गाडी बदलली आणि पारोळा, एरंडोल करत जळगावच्या रेडिओ स्टेशनवर स्वरपरीक्षेला जाऊन उभा राहिला.

दार बंद झालं आणि आत इतकी शांतता पसरली की त्याला स्वतःचा श्वास ऐकू आला. असली शांतता त्याने पाहिलीच नव्हती. लाल दिवा लागला. त्याने डोळे मिटून सूर धरला, आणि वाजवता वाजवता नाक दारावर आपटलं तेव्हा डोळे उघडले. काचेपलीकडचे साहेब हातवारे करत होते.

"मास्तर, माइक इकडे आहे," ते आत येऊन म्हणाले. "तुम्ही कुठे निघालात?"

मग त्याला खुर्चीवर बसवलं. बसल्यावर पाय थांबले, पायांबरोबर श्वास थांबला आणि श्वासाबरोबर सगळंच. साहेब भला माणूस. म्हणाले, "सूर आहे तुमच्याकडे. दिवाळीनंतर परत या. बसून वाजवायची सवय करा."

म्हणून हा पायावर पाय. चातुर्मासात लग्नं बंद. लाल डगले पेटीत गेले. दोघं दिवसा दुसऱ्यांच्या कपाशीत निंदायला जात आणि परत आल्यावर, चूल पेटवायच्या आधी, ओट्यावर हा उद्योग चाले. शेजारची सुनंदाबाई भिंतीवरून डोकावून म्हणे, "काय वं अक्का, नवरा पळी जाई म्हनीसन दाबी ठेयेल शे का?" द्रौपदाबाई पाय काढत नसे.

तो बसवत होता ती चाल तिचीच होती. लग्न झालं त्या वर्षी श्रावणात घरी कानबाई देवी बसली आणि नव्या सुनेने सगळ्या बायकांत गाणं धरलं. झिपरू भिंतीपलीकडे उभा राहून ऐकत होता. ती चाल त्याने तेव्हाच क्लॅरिनेटवर उतरवून घेतली, पण वरातीत तिला कोण विचारतो! इतकी वर्षं ती चाल त्याने तशीच जपून ठेवली होती. पुढे संसाराच्या रगाड्यात द्रौपदाबाईचं गाणं मागे पडलं. हल्ली कानबाईलाही ती मागच्या रांगेत बसून नुसते ओठ हलवी.

पावसाळा सरता सरता त्याचा श्वास जाग्यावर आला. अट एकच राहिली. तिचा पाय वर हवा. तो काढला की गाडी घसरलीच.

दिवाळीनंतर दोघंही जळगावला गेले. द्रौपदाबाई नवं पातळ नेसून बाकावर बसून राहिली. साहेबांनी विचारलं,

"बाईपण वाजवतात का?"

"नाही साहेब," झिपरूने शक्य तेवढी शहरी मराठी लावली. "त्या पाय धरतील."

साहेबांना आधी कळेना, कळल्यावर हसू आवरेना. पण भला माणूस तो भला माणूस. समोर दुसरी खुर्ची आली. बांगड्या वाजू नयेत म्हणून द्रौपदाबाईने दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळून घेतले. लाल दिवा लागला. तिने पाय ठेवला. झिपरूने डोळे मिटले आणि कानबाईची चाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवली. उघडले तेव्हा तो खुर्चीवरच होता. पुढच्याच आठवड्यात त्याच खोलीत, त्याच खुर्च्यांवर, ध्वनिमुद्रण झालं.

कार्यक्रम लागायचा दिवस नेमका मोठ्या लग्नतिथीचा निघाला.

"नाना, त्या दिन माले सुटी द्या."

"सुटी?" पंडितनानांनी तंबाखू मळता मळता वर पाहिलं. "सुपारी लिधेल शे मी. तुनं वाजाडनं तठे भरीसन ठेयेल शे ना? रेडिओमा एक झिपरू वाजाडी, वरातमा एक वाजाडी. तुनं काय जास?"

बँडमध्ये क्लॅरिनेट एकच. नानांना नाही कसं म्हणणार? घरी रेडिओ नव्हता. द्रौपदाबाई प्रकाशचंद शेठच्या कापडदुकानात जाऊन ऐकणार असं ठरलं, आणि झिपरू लाल डगला चढवून डोंगराकडच्या एका गावी लग्नाला गेला.

गोरज मुहूर्ताचं लग्न होतं. नवरदेव मारुतीचं दर्शन घेऊन परतत होता. गल्ली अरुंद, पोरं बेभान. झिपरू फुंकत होता आणि डोळ्यांनी उन्हाची तिरीप मोजत होता. बाजारभाव संपले असतील. आता लागलं असेल. जाऊ दे, म्हणून त्याने गाल आणखी फुगवले.

एका ओट्यावर एक म्हातारे आबा ट्रान्झिस्टर कानाला लावून बसले होते. बँड समोर येताच त्यांनी दोन्ही हात वर केले.

"ओ बँडवाला भाऊ! जरासं थांबा ना. कानबाईनं गानं लागेल शे. ऐकू द्या."

पंडितनानांच्या हातातली काठी हवेतच थांबली. त्यांनी एकदा झिपरूकडे पाहिलं आणि काठी खाली घेतली. ढोल थांबला.

"बंद काब्र करं?" एक पोरगा ओरडला. कोणीतरी त्याला गप्प केलं.

आबांनी ट्रान्झिस्टर ओट्याच्या कडेला ठेवला. त्या एवढ्याशा डब्यातून चाल बाहेर आली, बारीक पण स्वच्छ. करवल्यांमागच्या बायकांनी ती ओळखली. एक ओट्यावर टेकली, मग दुसरी. कलशवाली खाली जमिनीवरच बसली. पोरंही घाम पुसत पायऱ्यांवर बसली. नवरदेव तर घोड्यावर बसलेलाच होता.

पंडितनानांचा चेहरा फुलला. ते तोंड उघडणार, तोच झिपरूने त्यांची बाही धरली आणि मान हलवली. सांगितलं असतं तर सगळे त्याच्याकडे वळून बघत बसले असते, मग ऐकलं कोणी असतं? त्याचे डोळे भरून आले होते, आणि डगल्याची बाही खरखरीत होती.

आबा त्याच्या हातातल्या क्लॅरिनेटकडे पाहून म्हणाले, "देख भाऊ, याले म्हनतस वाजाडनं."

"हां आबा," झिपरू म्हणाला. "खरं शे."

आणि तेव्हा त्याला ते ऐकू आलं. सुरांच्या खाली कुठेतरी टिक्... टिक्... वाजत होतं. आधी वाटलं, आबांचे सेल उतरले. पण सेल कधी ठेक्यावर उतरतात? चाल वळली की ते वळत होतं, चाल थांबली की थांबत होतं. खुर्चीच्या लोखंडी पायाला काहीतरी हळूच लागत होतं. बांगड्या पदरात होत्या. तिच्या मोकळ्या पायातल्या जोडव्यांचं कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्याने खाली पाहिलं. त्याचे स्वतःचे पाय बुटांत गप्प उभे होते, कोणी दाबून धरलेले नसताना.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो घरी पोचला. द्रौपदाबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"शेठ म्हने, गादीवर बस. माले पायरीच बरी," तिने सांगितलं.

"कसं वाजनं?"

"चांगलं वाजनं." तिने तांब्या परत घेतला. "पन मधमा काय तरी टिकटिक करे. शेठ म्हने, सेल उतरना व्हई."

"व्हई," झिपरू म्हणाला.

डगला खुंटीला लावून तो ओट्यावर आला, खाटेवर बसला आणि क्लॅरिनेट मांडीवर आडवी घेतली. सवयीने ती समोर येऊन बसली, सवयीनेच तिने पाय पुढे केला. झिपरूने आपला पाय बाजूला काढून घेतला आणि अलगद तिच्या पायावर ठेवला.

"हाई काय?"

"आते तू म्हन," तो म्हणाला. "मी बशीसन ऐकस."

तिने सुनंदाबाईच्या भिंतीकडे पाहिलं. पदर सारखा केला, उगाचच घसा खाकरला. गाणं अजून ओठांवर यायचं होतं, पण त्याच्या तळव्याखाली तिची बोटं हलू लागली होती.